पावणेपाचचा उजेड

अण्णा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. जन्मापासून त्याला ऐकू येत नाही. संतपूरच्या आसपास तेव्हा तशा मुलांची शाळा नव्हती आणि एवढ्याशा पोराला बिदरला एकटं ठेवायची आईची तयारी नव्हती. त्यामुळं आमच्या घरात खुणांची जी भाषा होती, ती आई आणि अण्णा दोघांनी मिळून केलेली. पाणी, भाकर, ऊन, बस, राग, मिल, प्रत्येकाची एक खूण. मला हाक मारायची म्हणजे खांद्यावरून खाली वेणी ओढल्यासारखं करायचं. मी पुढं केस कापले तरी माझी खूण तीच राहिली. वडील मी पाळण्यात असतानाच गेलेले, त्यामुळं ही भाषा जगात तीनच माणसांना येत होती आणि मागच्या वर्षी माघात आई गेल्यावर दोघांना.

मी बिदरला एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. आठवडाभर तिकडं भाड्याच्या खोलीत राहायचं आणि शनिवारी शाळा सुटल्यावर बस पकडून संतपूरला यायचं, असं माझं बरीच वर्षं चाललेलं. अण्णा गावाबाहेरच्या एका दाळमिलमध्ये कामाला होता. तिथं पट्ट्यावरून येणारी तुरीची डाळ पोत्यात भरली की पोत्याचं तोंड मशीननं शिवायचं, हे त्याचं काम. वीस-एक वर्षं तो तेच करत होता. मिलमध्ये इतका आवाज असतो की दोन माणसं शेजारी उभी राहूनसुद्धा खुणांनीच बोलतात. तिथं अण्णा सगळ्यांसारखाच होता. म्हणूनच असेल, त्याला ती जागा आवडायची.

सकाळी सहाला पट्टा सुरू व्हायचा. इतकी वर्षं आई त्याला उठवत होती. ती गेली आणि तो उठेना.

मोबाईल उशीखाली ठेवून पाहिला. तो झोपेत फार हलतो. मोबाईल कधी खाटेखाली, कधी पायाशी जायचा आणि तिथंच थरथरत राहायचा. शेजारच्या अक्काला सांगितलं की तेवढं उठवत जा. पण दाराला आतून कडी. त्याच्या लेखी कडी वाजवली काय, न वाजवली काय. दार नुसतं लोटून झोप म्हटलं, तर त्याला तो तयार नव्हता. ज्याला ऐकू येत नाही, त्याला मागून कोण आलं ते कळत नाही. त्याची भीती मला पटत होती.

फाल्गुनात मिलच्या मुनिमांचा फोन आला.

"मॅडम, माणूस लाख चांगला हाय. पर या महिन्यात सा येळा उशीर झालाय. त्याच्या जागी दुसऱ्याला उभा करायलोय. मालक विचारले तर मी काय सांगू?"

"मी काहीतरी करते," मी म्हणाले. "थोडे दिवस द्या."

आपोआप हळूहळू उजळणाऱ्या दिव्याबद्दल मी त्याच आठवड्यात पहिल्यांदा वाचलं. उठायच्या वेळेआधी अर्धा तास दिवा अगदी मंद, तांबूस पेटतो, मग केशरी होतो, मग पिवळा आणि शेवटी पांढरा. सूर्य उगवतो तसा. झोपलेल्या माणसाला पापणीतून उजेड जाणवतो आणि तो दचकून न उठता आपसूक जागा होतो. मला वाटलं, हे तर अण्णासाठीच केलेलं आहे.

वायफायवर चालणारा बल्ब बिदरमध्येच मिळाला. घरात सिमकार्डावर चालणारा राउटर बसवला. माझा जुना लॅपटॉप होता, त्यावर घरातली उपकरणं चालवायचा एक मोफत प्रोग्राम घातला आणि तो लॅपटॉप आईच्या कपाटात कायमचा चालू ठेवून दिला. पावणेपाचला सुरुवात आणि सव्वापाचला पूर्ण उजेड, असं वेळापत्रक लिहिलं. ते एका रविवारी जमलं नाही. व्हिडिओ बघायचा, आठवडाभर शाळेत मधल्या सुट्टीत त्यावर विचार करायचा आणि पुढच्या रविवारी परत बसायचं, असे चार रविवार गेले. पहाटे लाईट जाऊन परत आली की बल्ब सगळं विसरून एकदम पांढरा पेटायचा. एकदा अण्णा पाणी प्यायला उठलेला असताना तसं झालं, वेळ झाली समजून तो मिलवर गेला आणि फाटकाबाहेर तास-दीड तास बसून राहिला. मग एक छोटा इन्व्हर्टर आणला आणि लाईट आल्यावर बल्बनं बंदच राहायचं, असं ठरवून दिलं. दाराच्या चौकटीला एक सेन्सर लावला. दार उघडलं की त्याची वेळ मला बिदरला मोबाईलवर दिसायची. अण्णा बाहेर पडला, हे मला खोलीत चहा करता करता कळणार होतं.

सगळं जमलं त्या दिवशी मी त्याला ते दाखवलं. संध्याकाळी खोलीचं दार-खिडकी लावली आणि अर्ध्या तासाचा उजेड दोन मिनिटांत येईल असं केलं. बल्ब तांबूस झाला. अण्णा माझ्याकडं बघत होता. केशरी झाला तरी माझ्याकडंच. मला वाटलं, बहिणीचं कौतुक वाटतंय. पांढरा झाला तेव्हा तो एकदम वर बघून हसला आणि त्यानं दोन खुणा जोडून त्या दिव्याला नाव दिलं, वेणीचा सूर्य. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

वैशाख-ज्येष्ठात सगळं सुरळीत चाललं. दार पावणेसहाच्या आसपास उघडायचं. दिवा सव्वापाचला पूर्ण लागतो, मग त्याचं आवरणं, चहा, मिल दहा मिनिटांवर, म्हणजे बरोबरच होतं सगळं. मुनिमांनी फोन करून सांगितलं, "आता टायमाला यायलाय बघा." मी शाळेत दोघा-तिघांना माझा दिवा वर्णन करून सांगितला.

पावसाळ्यात दार कधी सहाला उघडायला लागलं, कधी सव्वासहाला. मी उजेड वाढवला. बल्ब बदलून मोठा लावला. वेळ अलीकडं आणून बघितली, परत पावणेपाचवर ठेवली. चार-आठ दिवस बरे गेले की पुन्हा तेच. गणपतीनंतर मुनिमांचे फोन पुन्हा सुरू झाले. मी प्रत्येक वेळी मोबाईल उघडून बघायचे. दिवा रोज ठरल्या वेळी लागल्याची नोंद असायची. म्हणजे दिव्यात दोष नव्हता.

एका रविवारी मी अण्णाला समोर बसवलं आणि ती यादी दाखवली. आकडे त्याला कळतात. दिवा इतक्या वाजता लागला, तू इतक्या वाजता बाहेर पडलास. तो बराच वेळ यादीकडं बघत राहिला. मग हात हलवून म्हणाला, दिवा लागत नाही.

लागतो, मी म्हणाले. हे बघ.

लागत नाही.

मला राग आला. खोटं बोलतोस, अशी मी खूण केली. आमच्या भाषेत ती फार वाईट खूण आहे. जिभेवर बोट ठेवून ते झटकायचं. लहानपणी ती केली म्हणून आईनं मला मारलेलं. अण्णानं ती बघितली, उठला आणि परसात जाऊन बसला. त्या दिवशी तो जेवला नाही.

बसला निघताना शेजारच्या अक्कानं मला फाटकाशी थांबवलं.

"एक इचारू का? राग मानू नको."

"विचारा की."

"अण्णा घ्यायलाय काय अलीकडं?"

"कामून?"

"संध्याकाळी भिंतीला हात लावत येतोय. परवा आमच्या बांधलेल्या म्हशीवर जाऊन आदळला. मी समोर हुबी राहून हात केला, तर माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई."

मी तिथून परत घरात गेले. खुंटीवरचा त्याचा सदरा काढून हुंगला. घामाचा आणि डाळीच्या भुकटीचा वास होता. तरीसुद्धा माझ्या मनातून संशय गेला नाही. बसमध्ये बसून मी हाच विचार करत होते की आई गेली आणि हा बिघडला. उशिरा उठतो, खोटं बोलतो, पितो. सगळं एकमेकांत नीट बसत होतं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला पुरावा असला की बरं वाटतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी पंधरा दिवसांसाठी घरी आले. दुसऱ्याच दिवशी ठरवलं की एकदा त्याच्यासमोरच याचा निकाल लावायचा. पावणेपाचच्या आधी त्याला हलवून उठवलं, खाटेवर बसवलं, तोंड बल्बच्या बाजूला केलं आणि मी भिंतीशी उभी राहिले. खोलीत अंधार होता. मोबाईलवर वेळ झाली आणि बल्ब तांबूस झाला. आईच्या कपाटाची कड दिसायला लागली. मग खाटेचे पाय, मग अण्णाचं तोंड. त्याचे डोळे उघडे होते. तो सरळ समोर बघत, हात मांडीवर ठेवून, वाट बघत बसला होता.

केशरी उजेड झाला. मला भिंतीवरच्या कॅलेंडरवरच्या तारखा वाचता येत होत्या. अण्णानं मान थोडी वळवली. मी होते त्याच्या हातभर डावीकडं बघत त्यानं विचारलं, कधी?

मी हात वर करून म्हणाले, लागलाय की. त्यानं ते बघितलं नाही. त्या रिकाम्या भिंतीकडं बघत परत विचारलं, कधी?

मी तशीच खाली बसले. बल्ब पिवळा होऊन बराच उजेड झाला तेव्हा त्याचं तोंड एकदम बदललं. त्यानं वर बोट केलं. आला, म्हणाला, आणि मला शोधायला लागला. मी जमिनीवर होते, त्याला सापडले नाही.

त्या दिवशी मी सहा महिन्यांची सगळी यादी काढून कागदावर लिहिली. दार उघडायच्या वेळा एकाखाली एक. वैशाखात पावणेसहा, श्रावणात सहा, आश्विनात साडेसहा. शेजारी पंचांगातली सूर्योदयाची वेळ लिहिली. आठवीच्या मुलींनीसुद्धा बघून सांगितलं असतं. माझ्या दिव्यानं तो एकही दिवस उठला नव्हता. तो पूर्वेच्या खिडकीतून तोंडावर उजेड यायचा तेव्हा उठत होता. उन्हाळ्यात तो उजेड लवकर यायचा, एवढंच माझ्या दिव्याचं यश.

बिदरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून हैदराबादला पाठवलं. तिथं दिवसभर तपासण्या झाल्या. संध्याकाळी डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. वयस्कर होते, मराठी बोलत होते.

"जन्मापासून बहिरे आहेत ना?"

"हो."

"लहानपणी अंधारात चाचपडायचे?"

रातांधळेपणा म्हणून आई त्याला शेवग्याचा पाला, गाजरं, कोथिंबीर सारखं खाऊ घालायची, ते मी सांगितलं. मोठेपणी ते गेलं, असंच मी धरून चालले होते.

"आई-वडील नात्यातले होते का?"

"आईनं तिच्या मामाशीच लग्न केलेलं. आमच्याकडं करतात."

त्यांनी मान हलवली. हे दोन्ही एकाच आजारातून येतं, म्हणाले. आधी कान, मग डोळे. आधी अंधारातलं दिसणं जातं, मग बाजूचं. समोरचं तेवढं शेवटपर्यंत राहतं, एखाद्या नळीतून बघावं तसं. तीही नळी अरुंद होत जाते.

"औषध?"

"नाही."

"किती वर्षं?"

"ते सांगता येत नाही. पण आता फार राहिलेलं नाही. त्यांना खुणांचीच भाषा येते ना? हातात हात धरून बोलायचं असतं, ते लवकर शिकवा. दिसतंय तोवर."

परतीच्या बसमध्ये अण्णा खिडकीशी बसला होता. मी त्याला काही सांगितलं नाही. कसं सांगायचं तेच मला येत नव्हतं. आमच्या तीन माणसांच्या भाषेत आंधळा या शब्दाला खूणच नव्हती. आईनं ती केली नव्हती. बाकी एवढ्या खुणा केल्या आणि हीच केली नाही, याचा मी आता फार विचार करते.

घरी गेल्यावर सांगितलं. डोळे दाखवले, मूठ हळूहळू बंद केली, उद्या, उद्या, उद्या, अशी पुढच्या दिवसांची खूण केली. तो शांतपणे बघत होता. मग म्हणाला, माहीत आहे.

कधीपासून?

त्यानं आईची खूण केली. आई दिवेलागणीच्या आधी मिलच्या वाटेवर येऊन थांबायची, हात धरून घरी आणायची, कुणाला सांगू नको म्हणायची. मिलवरून घरापर्यंत किती पावलं, तेही त्यानं मला सांगितलं. आई गेल्यापासून तो मोजून येत होता.

मला का सांगितलं नाहीस, मी विचारलं.

मिल, तो म्हणाला. एवढंच.

मग मी त्याला त्या रविवारची आठवण करून दिली आणि खोटं बोलतोस म्हणाले त्याची माफी मागितली. आमच्याकडं माफीची खूण म्हणजे समोरच्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवायचा. त्यानं ठेवू दिला. पण तो माझ्याकडं बघत नव्हता. त्याला मी दिसत नव्हते की त्याला बघायचंच नव्हतं, ते मला अजून माहीत नाही.

मिलमध्ये मी काही बोलले नाही. ते माझं चुकलं. त्याची एवढी एक गोष्ट तरी राहू दे, असं मला वाटलं. मार्गशीर्षात एका दुपारी पोत्यांचा हातगाडा बाजूनं येत होता आणि अण्णा तसाच मागं सरकला. त्याला वाचवायला गाडा ढकलणाऱ्या माणसानं गाडा वळवला, पोती घसरली आणि त्या माणसाच्या पायावर पडली. घोटा मोडला. दोन लेकरांचा बाप होता.

मी गेले तेव्हा मुनीम ऑफिसच्या पायरीवर बसले होते.

"तुम्हाला ठाऊक होतं काय, मॅडम?"

"व्हय," मी म्हणाले.

ते पायरीवरून उठले.

"सांगायचं होतं की. मी त्याला बसून करायचं काम दिलो असतो. आता मालकाला कुठल्या तोंडानं सांगू?"

त्यांचं बरोबर होतं. अण्णा फाटकाशी उभा होता. शिलाई मशीनचा जाड सुतळीदोरा त्यानं गुंडाळून खिशात ठेवलेला, तो काढून त्यानं मुनिमांच्या हातात दिला. पाय मोडलेल्या माणसाच्या घरी आम्ही दोघं गेलो. त्याची बायको दाराशी आली, अण्णाकडं बघितलं आणि आत गेली. आम्ही फळं ओट्यावर ठेवून आलो.

पौषात अण्णाला बिदरला माझ्या खोलीवर आणलं. संतपूरचं घर बंद केलं. बल्ब, राउटर, सेन्सर, सगळं काढून आणलं. इकडं आल्यावर मी त्याच्या गादीखाली एक कंप पावणारी चकती बसवली आणि ती त्याच लॅपटॉपला जोडली. ती एका दुपारीच जमली. आधीच सुचली असती तर, असं मी बरेचदा म्हणते, पण त्यानं काय झालं असतं? मिलचं काम वर्षभर पुढं टिकलं असतं, किंवा पोत्यांखाली आणखी कुणी आलं असतं.

ती चकती अगदी नीट चालते. पावणेपाचला गादी थरथरते आणि अण्णा उठतो. एकदाही चुकलेला नाही. तोंड धुतो, मिलचा खाकी सदरा घालतो आणि खाटेच्या कडेला बसतो. मी शाळेत जाईपर्यंत बसलेला असतो. मी म्हणाले, ही बंद करू या, आता लवकर उठायचं काय काम आहे? तो नको म्हणाला.

हातात हात धरून बोलायची भाषा शिकवणारं माणूस मी जिल्ह्यात खूप शोधलं. कलबुर्गीला फोन केले, हैदराबादला केले. एक बाई म्हणाल्या, आमच्याकडं येऊन राहावं लागेल. अण्णा जायला तयार नाही आणि मीही त्याला सोडायला तयार नाही. मग आमच्याच खुणा तळहातावर कशा करायच्या, ते मी बसवते आहे. पाणी म्हणजे तळहातावर तीन बोटं. भाकर म्हणजे गोल. काही खुणा बसतात, काही तळहातात मावतच नाहीत. डोळे मिटून शिक म्हटलं की तो चिडतो. दिसतंय ना अजून, म्हणतो, आणि हात ओढून घेतो. आठवड्यातून एखाद्या दिवशी तो स्वतःहून हात पुढं करतो. पाच-दहा मिनिटं चालतं. दुसऱ्या दिवशी त्यातलं अर्धं त्याच्या लक्षात नसतं, किंवा तो तसं दाखवतो.

शाळेत मी प्रकाश हा धडा शिकवते. यंदा शिकवताना एका मुलीनं विचारलं, "मॅडम, शिकवता शिकवता कामून थांबलात?" मी पाणी पिऊन परत सुरू केलं.

गेल्या महिन्यात अण्णानं मला एक गोष्ट सांगितली. मी बोलताना खोलीत सारखी हलते, त्यामुळं त्याला मी सापडत नाही. नळीत माझा हात येतो तेव्हा तोंड जातं, आणि तोंड येतं तेव्हा हात. तेव्हा तुला बोलायचं असलं की एका जागी थांब, म्हणाला, आणि मला खिडकीच्या उजव्या बाजूला नेऊन उभं केलं. पायाशी फरशीवर खडूनं एक रेघ ओढली.

आता काही सांगायचं असलं की मी तिथं जाऊन उभी राहते. हात हनुवटीजवळ धरून, लहान लहान खुणा करून बोलते. तो मान इकडून तिकडं हळू फिरवत मला शोधतो. सापडायला आधीपेक्षा जास्त वेळ लागतो. मी थांबते.